एकट्याने एल्कची शिकार: बेत मांसाच्या ओझ्यापासून उलटा आखा

प्रौढ नर एल्कचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाचं, जिवंत वजन साधारण ६०० ते ७०० पाउंड असतं. हाडं काढल्यावर त्यातलं २०० पाउंडांच्या आसपास मांस उरतं. डोंगरात एकटा माणूस एका खेपेला ५० ते ५५ पाउंड धडपणे आणू शकतो, म्हणजे चार खेपा झाल्या. एल्क रस्त्यापासून ५ मैलांवर पडला, तर चार खेपा भरलेल्या आणि मधल्या तीन रिकाम्या मिळून ३५ मैल चालावं लागतं, त्यातले २० मैल पाठीवर ओझं घेऊन. दहा हजार फुटांवर, आडव्या पडलेल्या झाडांमधून ओझं घेऊन चालताना ताशी दीड मैलाचा वेगही चांगलाच म्हणायचा. तोच एल्क दोन मैलांवर पडला, तर एकूण चाल १४ मैलांची.

एकट्याच्या शिकारीत जागा, तारीख, सामान आणि गोळी झाडायची की नाही, हे सगळं या हिशेबावर ठरवावं. नवखे लोक कित्येक महिने रायफल निवडण्यात घालवतात आणि मांस कसं आणायचं याचा विचार जनावर पडल्यावर करतात. तोवर उन्हात मांस आतून आंबायला लागलेलं असतं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे इथली माहिती फक्त अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांसाठी आहे. उदाहरणं बहुतेक कोलोरॅडोची आहेत. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षीची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचूनच निघा.

कागदपत्रं आणि कायदा

पहिलं काम हंटर एज्युकेशनचा कोर्स. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो. एका राज्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यांतही चालतं.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाची आहे आणि तीच बऱ्याच जणांना माहीत नसते. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. या मनाईला एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम चुकवू नका. आधी कोर्स, मग परवाना, आणि त्यानंतरच रायफलला हात. मित्राची रायफल रेंजवर चालवून पाहणं हेसुद्धा बाळगण्यातच मोडतं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, मग घरातल्या बंदुकीचं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. आपल्या स्थितीबद्दल जराही शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर व्हिसाच धोक्यात येतो.

मग येतो टॅग, म्हणजे एक एल्क मारायची परवानगी देणारा आणि मारल्यावर सही करायचा कागद. राज्य गेम मॅनेजमेंट युनिटांमध्ये विभागलेलं असतं आणि बहुतेक चांगल्या युनिटांचे टॅग सोडतीने मिळतात. कोलोरॅडोच्या मुख्य सोडतीची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. टॅग मिळाला नाही तर पुढच्या सोडतीत अग्रक्रम देणारा प्रेफरन्स पॉइंट जमा होतो. राज्याबाहेरच्या माणसाला एल्कचा टॅग ८०० डॉलरांहून महाग पडतो. पहिल्या वर्षी मादी एल्कचा टॅग मागणं शहाणपणाचं आहे: मिळायला सोपा, सावज शोधायला सोपं आणि मांस थोडं कमी, म्हणजे ओझंही हलकं.

वायोमिंगमध्ये एकट्याने जायचा विचार असेल तर एक अडचण आहे. तिथे संघीय ‘वाइल्डरनेस’ म्हणून घोषित झालेल्या भागात बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला मोठ्या प्राण्याची शिकार परवानाधारक गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत असल्याशिवाय करता येत नाही. तुम्ही अमेरिकन नागरिक असलात तरी नाही. साध्या नॅशनल फॉरेस्टमध्ये हा नियम नाही. म्हणून नकाशावर वाइल्डरनेसची हद्द नीट पाहून घ्या.

कोलोरॅडोत रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड लागतं, डोक्यावर टोपीही त्याच रंगाची हवी. नारिंगी रंगाची कॅमोफ्लाज नक्षी चालत नाही. एल्कसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची आणि गोळी किमान ८५ ग्रेन वजनाची लागते. प्रत्यक्षात .२७० विंचेस्टर, .३०८, .३०-०६ किंवा ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम यांपैकी काहीही पुरेसं आहे. शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. खासगी जमिनीला कुंपण किंवा पाटी असायलाच हवी असं कोलोरॅडोत नाही. हद्द ओळखायची जबाबदारी तुमची.

जागा कशी निवडायची

फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप फुकट मिळतो. कोणत्या रस्त्यावर गाडी नेता येते आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यावर कळतं. त्या रस्त्यांपासून दोन, फार तर तीन मैलांपर्यंतचा पट्टा आखा आणि पहिल्या वर्षी त्याच्याबाहेर जाऊ नका. ‘जितकं आत तितके एल्क’ हे अर्धंच खरं आहे. रस्त्यापासून दीड मैलावर, पण १,२०० फुटांचा खडा चढ मध्ये असलेल्या घळीत माणूस फारसा फिरकत नाही आणि एल्कला ते पक्कं माहीत असतं.

याहून मोलाची गोष्ट चढाची दिशा. शिकारीची जागा गाडीपेक्षा उंचावर असू द्या, म्हणजे मांस उताराने खाली येईल. गाडी धारेवर आणि एल्क खाली दरीच्या तळाशी, ही एकट्या माणसासाठी सर्वांत वाईट रचना. नकाशावर मधे खोल दरी असलेली कुरणं सरळ खोडून टाका, पलीकडे कितीही एल्क दिसोत.

एल्क पहाटे आणि संध्याकाळी कुरणात चरतो आणि दिवसा उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट झाडीत बसतो. तिथे गारवा असतो. उतारावर मध्येच सपाट पदर आला असेल, वर खिंड असेल आणि जवळ पाणी असेल, तर अशी जागा नकाशावर खूण करून ठेवण्यासारखी. अशा पाच-सहा जागा घरी बसून काढा, नकाशे फोनमध्ये ऑफलाइन उतरवा, शिवाय कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्या. जमलं तर ऑगस्टमध्ये एकदा जाऊन या. ओल्या लेंड्या, सालं घासलेली झाडं, चिखलात लोळायचे खड्डे दिसतात का ते बघा, आणि ओझं घेऊन परत येण्याची वाट प्रत्यक्ष चालून बघा. ही वाट बघणं खुणा बघण्याइतकंच गरजेचं आहे.

याच वेळी घोड्यांवरून मांस आणून देणाऱ्या, त्या जंगलाचा परवाना असलेल्या एखाद्या पॅकरशी बोलून ठेवा. दर काय, किती तासांत येतील, हंगामात मोकळे असतील का, हे विचारा. नंबर इन-रीचसारख्या उपग्रह यंत्रात भरून ठेवा.

अंगाची तयारी

निदान १२ आठवडे आधी सुरुवात करा. २० पाउंड पाठीवर घेऊन चढ चढायचा आणि हळूहळू ५० पाउंडांवर यायचं. जड ओझं आठवड्यातून एकदाच, नाहीतर गुडघे हंगामाआधीच कुरकुरायला लागतात. उतरण्याचा सराव मुद्दाम करा. मांस घेऊन तुम्ही उतरणार आहात आणि मांड्या तिथेच हार मानतात. समुद्रसपाटीवरून येत असाल तर शिकार सुरू होण्याआधी निदान दोन रात्री उंचावर काढा. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली, बसल्याजागी धाप लागली किंवा तोल जायला लागला, तर थांबून वाट पाहायची नाही, तडक खाली उतरायचं.

सामान

पाच दिवसांचं सामान, रायफल सोडून, ४५ ते ५० पाउंडांत बसायला हवं. फ्रेम असलेलीच पिशवी घ्या, जिच्यात फ्रेम आणि पिशवी यांच्यामध्ये मांस बांधता येतं. झोपायची पिशवी निदान १५ अंश फॅरनहाइटपर्यंतची. ऑक्टोबरात एका रात्रीत फूटभर बर्फ पडू शकतं. जेवण रोज ३,००० ते ४,००० कॅलरींचं, वजनाने दीड ते दोन पाउंड. दोन हेडलॅम्प. १०×४२ची दुर्बीण, जमल्यास छोट्या तिपाईवर, कारण हातात धरलेली दुर्बीण अर्धे प्राणी दाखवतच नाही.

मांसासाठी वेगळी पिशवी भरा आणि ती रोज सोबत ठेवा: हवा खेळती राहणाऱ्या सहा मोठ्या कापडी पिशव्या, साडेतीन-चार इंची पात्याची एक साधी सुरी, पाती बदलता येणारी दुसरी सुरी आणि सहा जादा पाती, ५० फूट पॅराकॉर्ड (बारीक, मजबूत दोरी), पातळ ताडपत्री, रबरी हातमोजे, आणि ज्या हातात सुरी नाही त्या हातासाठी न कापणारा मोजा. बदलायची पाती पातळ असतात. सांध्यात घालून पिळली की तुटतात आणि तुकडा मांसात हरवतो. सांध्यांसाठी साधी सुरीच वापरा.

टुर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायची पट्टी, खिशात हवी, पिशवीच्या तळाशी नाही. एका हाताने ती आवळायचा सराव घरी करा. एकट्याच्या शिकारीत बंदुकीइतकाच धोका थकलेल्या हातातल्या सुरीचा असतो, तोही अंधारात.

मागे ठेवायचा कागद

घरच्या एका माणसाकडे लिहून ठेवा: गाडी कुठे लावणार, तिचा नंबर, तंबूचे अक्षांश-रेखांश, रोजचा निरोप किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर फोन करायचा. फोन कुणाला, हेही लिहा: कोलोरॅडोत शोध आणि बचावाची जबाबदारी काउंटीच्या शेरीफकडे असते, म्हणून त्या काउंटीच्या शेरीफचा नंबर. रोजच्या निरोपाला चार-सहा तासांची सवलत ठेवा. एल्क पडलेल्या रात्री तुम्हाला उशीर होणारच आणि घरच्यांनी विनाकारण बचावपथक हलवायला नको.

वारा

एल्कच्या डोळ्यांना चकवता येतं, कानांनाही कधी कधी. नाकाला नाही. डोंगरात वाऱ्याची एक रोजची लय असते: रात्री आणि पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते आणि संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली येते. म्हणून पहाटे एल्क वर असेल तर खालून जा, दुपारी वरून. बदलाचा मधला तास-अर्धा तास वारा गरगर फिरतो. त्या वेळी जवळ जायचा मोह आवरा आणि बसून राहा. पावडरची छोटी बाटली हातात ठेवा आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवून बघा.

पहिला दिवस उजाडायच्या आधी उंचावर जाऊन बसा आणि दुर्बिणीतून बघत राहा. अख्खा प्राणी शोधू नका. झाडीतली आडवी रेघ, पिवळसर ढुंगण, शिंगाचं टोक शोधा.

गोळी

तुमचं कमाल अंतर रायफलवर नाही, तुमच्यावर ठरतं. बसून किंवा गुडघ्यावर, धापा टाकत असताना, आठ इंची वर्तुळात प्रत्येक गोळी ज्या अंतरापर्यंत जाते तेच तुमचं अंतर. रेंजवर बाकावर रायफल टेकवून मारलेल्या गोळ्या यात धरायच्या नाहीत.

प्राणी तुमच्याकडे कूस करून पूर्ण आडवा उभा असावा किंवा किंचित पाठमोरा तिरका. आडवा असेल तर पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. तिथे दोन्ही फुप्फुसं आणि हृदयाचा वरचा भाग येतो. तिरका असेल तर गोळी पलीकडच्या खांद्यातून बाहेर पडेल असा. समोरून आणि थेट मागून गोळी झाडू नका. समोरून जागा फार लहान असते आणि मागून कोथळा फुटतो.

एकट्यासाठी आणखी एक नियम: दिवस मावळताना शेवटच्या अर्ध्या तासात, गाडीपासून लांब, गोळी झाडायची नाही. कायदा परवानगी देतो, पण अंधारात रक्ताचा माग, अंधारात सुरी आणि आसपास अस्वल हे तिन्ही एकाच माणसाने सांभाळायचं नसतं.

गोळी झाडली की लगेच पुढची भरा. मर्मी लागलेला एल्कही कित्येकदा काही झालंच नाही असा उभा राहतो. उभा असेल तर दुसरी झाडा. मग तुमची जागा आणि त्याची जागा नकाशावर नोंदवा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबून निघा. काळपट लाल रक्त यकृताचं असू शकतं, तीन-चार तास थांबा. हिरवट, तपकिरी, वास मारणारं असेल तर आतडी फुटली आहेत, आठ ते बारा तास थांबावं लागतं. आधी गेलात तर तो उठून मैलभर जाईल आणि तुम्हाला कधीच सापडणार नाही.

जागेवरच मांस काढणं

पाठीकडून जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही की सर्वात आधी टॅगवर सही, तारीख आणि तो सुटा करणं. फोटो नंतर.

एकट्याने ३०० किलोच्या आसपासचं धूड उलटंपालटं करणं अवघड, म्हणून कोथळा न उघडता मांस काढायची पद्धत वापरा. नवख्याला तीन ते चार तास लागतात.

१. प्राणी एका कुशीवर. वरचे पाय दोरीने झाडाला ताणून बांधा; दोरी हेच तुमचं दुसऱ्या माणसाचं काम करते. उतार असेल तर पाठ चढाकडे ठेवा.

२. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून कातडं चिरा. पात्याची धार वर, कातड्याच्या आतून बाहेर, म्हणजे केस कापले जात नाहीत आणि मांसाला चिकटत नाहीत. कातडं पोटाकडे सोलत आणा. तेच मांस ठेवायला स्वच्छ चटई होतं.

३. पुढचा खांदा. इथे हाडाचा सांधा नाहीच, नुसते स्नायू. पाय उचलून धरा आणि बरगड्यांलगत कापत जा.

४. मागची मांडी. आतल्या बाजूने कटीच्या हाडालगत कापत खुब्याच्या गोल सांध्यापर्यंत या, सांध्यातला चिवट बंध तोडा, मांडी मोकळी होते. एका मांडीवर लिंग ओळखण्याचा अवयव नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या. कायद्याने तो लागतो आणि घाईत हाच पहिला कापला जातो.

५. कण्यालगतची लांब पट्टी, म्हणजे बॅकस्ट्रॅप, खुब्यापासून मानेपर्यंत. मग मानेचं आणि बरगड्यांमधलं मांस.

६. टेंडरलॉइन कण्याच्या आतल्या बाजूला असतं. शेवटच्या बरगडीमागे हात घालून कोथळा खाली दाबा आणि बोटांनी सोडवत काढा. प्रत्येक बाजूला हे अगदी शेवटी करा, कारण इथे आतडं फुटलं तर त्या बाजूचं बाकीचं मांस तोवर पिशवीत गेलेलं असतं.

७. दोऱ्या सोडा, उलटा करा, दुसरी बाजू.

आता घाई फक्त एकाच गोष्टीची: मांस थंड करणं. पहिली खेप लगेच घेऊन निघायची ओढ वाटते. तसं करू नका. आधी सगळं मांस पिशव्यांत भरून जमिनीवरून वर उचला, मगच निघा. मांडीच्या हाडाभोवतीची उष्णता तासन्‌तास आत राहते आणि मांस तिथूनच आंबतं, बाहेरून मात्र चांगलं दिसतं. दुपारी ५०-५५ अंश फॅरनहाइटच्या वर जाणार असेल तर मांड्यांची हाडं जागेवरच काढून टाका; अवयव जोडलेला भाग मात्र शाबूत ठेवा. पिशव्या सावलीत आडव्या फांदीला टांगा, नाहीतर ओंडक्यांवर ठेवा, सगळीकडून वारा लागेल अशा. बर्फात पुरू नका. बर्फ वारा अडवतं आणि ऊब आतच राहते.

पिशव्या धुडापासून निदान १०० यार्ड लांब, आणि दुरून दिसतील अशा मोकळ्या जागी. परत येताना दुर्बिणीतून आधी पाहा, आवाज करत, वाऱ्याच्या दिशेने या, म्हणजे अस्वलाला तुमची चाहूल आधी लागेल. कोलोरॅडोत काळं अस्वल असतं. वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहोच्या काही भागांत ग्रिझली. बेअर स्प्रे पट्ट्यावर हवा, पिशवीत नाही. अस्वलाने मांसाचा ताबा घेतला असेल तर मांस सोडा आणि वन्यजीव खात्याला कळवा.

खेपा

पहिल्या खेपेला जड मांडी आणि तिच्यासोबत टेंडरलॉइन, अंगात दम असतानाच. वजन पाठीच्या कण्याला चिकटून आणि खांद्यांच्या उंचीवर बांधा; खाली लोंबलं की प्रत्येक पावलाला मागे खेचतं. दोन्ही हातांत ट्रेकिंगच्या काठ्या. रायफलच्या चेंबरमध्ये गोळी नको. वाट लांब असेल तर सगळं मांस टप्प्याटप्प्याने पुढे सरकवा, पाव-पाव मैल. चालणं तितकंच, पण मांस कायम जवळ राहतं. डोकं शेवटच्या खेपेला आणि शिंगांना नारिंगी कापड गुंडाळून, नाहीतर झाडीतून हलणारी शिंगं दुसऱ्या शिकाऱ्याला एल्कच वाटतील. अलास्कात तर मांसाच्या शेवटच्या खेपेआधी शिंगं हलवायची नाहीत असा नियमच आहे.

खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. दुसऱ्या खेपेनंतर पाय लटपटायला लागले, तर पॅकरला निरोप पाठवा. यासाठीच तो नंबर ठेवला होता.

गाडीपाशी

१०० ते १२० क्वार्टचे दोन कूलर, तळाशी पाणी गोठवलेल्या बाटल्या. सुटा बर्फ वितळून मांस पाण्यात भिजतं आणि चव जाते. बाहेर पाणी काढायची तोटी उघडी ठेवा.

हरीण आणि एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग पसरलेला आहे. तो प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि शिजवल्याने नाहीसा होत नाही. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोग असलेल्या भागातल्या जनावराची तपासणी करून घ्यावी, असा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा सल्ला आहे. त्यासाठी डोकं लागतं, म्हणून खेपांच्या हिशेबात ते आधीच धरा. कण्यातून किंवा कवटीतून करवत चालवू नका. अनेक राज्यं बाहेरून अख्खं धूड, मेंदू किंवा कणा आणू देत नाहीत. हाडं काढलेलं मांस आणि शिंगांसह साफ केलेली कवटीची पट्टी चालते. घरचं राज्य आणि वाटेतली राज्यं, सगळ्यांचे नियम बघा.

मांस फ्रीझरमध्ये ठेवताना प्रत्येक पाकिटावर टॅगचा नंबर लिहा आणि निकाल येईपर्यंत त्यातलं काही शिजवू नका. खाटकाकडे दिलं असेल तर तुमचं मांस दुसऱ्याच्या मांसात न मिसळता वेगळं कापायला सांगा, नाहीतर आलेला निकाल नेमका कोणत्या मांसाचा हे कळणारच नाही. निकाल पॉझिटिव्ह आला तर ते मांस खाऊ नका आणि विल्हेवाट खात्याने सांगितलेल्या पद्धतीनेच लावा.